चिऊताईवर खटला : मुलांना युक्तिवाद लिहायला शिकवताना

पाचवी ते सातवीच्या मुलांना ‘आपले मत पटवून द्या’ असे सांगितले, की बहुतेक वह्यांमध्ये मत मोठ्या आवाजात मांडलेले आढळते आणि पटवणे मात्र राहून जाते. समोर विरोध करणारा कोणी नसतो, हे त्याचे मुख्य कारण. गोष्टीतल्या एखाद्या पात्रावर वर्गात खटला चालवला, तर विरोधक आपोआप उभा राहतो आणि प्रत्येक विधानाला ‘कशावरून?’ हा प्रश्न चिकटतो. त्यासाठी सर्व मुलांना तोंडपाठ असलेली गोष्ट निवडावी. चिऊ-काऊची गोष्ट यासाठी फार सोयीची आहे, कारण लहानपणी सर्वांनी चिऊताईची बाजू मुकाट्याने मान्य केलेली असते.

पहिली अडचण पाठाची येते. ही लोककथा घरोघरी वेगळी सांगितली जाते. कुठे कावळा तापलेल्या तव्यावर बसून भाजतो, कुठे तो आत येऊन पिलांचा खाऊ फस्त करतो. म्हणून शिक्षकाने एकच पाठ फळ्यावर लिहावा, ओळींना क्रमांक द्यावेत आणि खटल्यात पुरावा म्हणून एवढाच मजकूर ग्राह्य धरला जाईल, असे जाहीर करावे. शेणाचे घर पावसात वाहून जाणे, कावळ्याने दार उघडण्याची विनवणी करणे, चिमणीने बाळाला अंघोळ घालते, अंग पुसते, तीट लावते अशी उत्तरे देणे आणि अखेरीस दार उघडणे, इतका भाग पुरे.

त्यानंतरचे काम आरोपपत्राचे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. ‘चिमणी दुष्ट आहे’ हा आरोप होऊ शकत नाही, कारण दुष्टपणा सिद्ध कसा करायचा हेच कोणाला सांगता येणार नाही. त्याऐवजी आरोप असा लिहावा : ‘कावळा पावसात भिजत असल्याचे ठाऊक असूनही चिमणीने विनाकारण दार उघडण्यास विलंब केला.’ आता मुलांना या वाक्याचे तुकडे पाडायला सांगावे. चिमणीला ठाऊक होते का, विलंब झाला का आणि तो विनाकारण होता का, असे तीन मुद्दे हाती येतात. आरोप करणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो, हे तत्त्व 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणून सरकार पक्षाला तिन्ही मुद्दे सिद्ध करावे लागतील, तर बचाव पक्षाला त्यांपैकी एक डळमळीत केला तरी पुरेल. युक्तिवादाचे परिच्छेद कसे पाडावेत, याचे उत्तर मुलांना इथेच मिळते.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. चिमणी निर्दोष आहे असे मनापासून वाटणाऱ्या मुलीला सरकारी वकील व्हावे लागले, की ती ओळ न् ओळ बारकाईने वाचू लागते.

वकिलांनी उभे राहण्यापूर्वी प्रत्येकाने आपला युक्तिवाद लिहून आणलाच पाहिजे. अन्यथा चारच बोलकी मुले खटला चालवतात आणि उरलेला वर्ग प्रेक्षक होतो. पहिल्या मसुद्यात सहसा असे वाक्य येते : ‘चिमणी खूप स्वार्थी होती, तिला कावळ्याची जराही दया आली नाही.’ त्याखाली लाल रेघ न मारता समासात ‘कोणती ओळ?’ एवढेच लिहावे. पाठाकडे परतलेल्या मुलाचे लेखन काहीसे असे होऊ शकते : ‘ओल्या बाळाला तसेच सोडून दार उघडणे शक्य नव्हते, हे आम्हाला मान्य आहे. परंतु सातव्या ओळीत चिमणी तीट लावण्यासाठी थांबते. तीट दार उघडल्यावरही लावता आली असती. म्हणून निदान एवढा विलंब विनाकारण होता.’ प्रतिपक्षाचे जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य करून उरलेल्या जागेत ठामपणे उभे राहणे, हे पटवून देण्यातले सर्वांत अवघड कौशल्य या चार वाक्यांत आले आहे. बचाव पक्षाला तितकेच चांगले उत्तर सापडू शकते : फळ्यावरच्या पाठात कावळा फक्त ‘दार उघड’ म्हणतो, आपण भिजत असल्याचे तो एकदाही सांगत नाही. त्यावर चिमणीला पावसाचा आवाज ऐकू आला नसेल काय, असा प्रतिप्रश्न सरकार पक्षाकडून येईलच.

कावळे लहान पक्ष्यांची अंडी आणि पिले खातात, ही बाब बचाव पक्षातले कोणी ना कोणी मांडतेच. ती खरी आहे, पण पाठात नाही. अशा वेळी प्रत्येक पक्षाला पाठाबाहेरची एकच बाब मांडू द्यावी आणि तिचा आरोपाशी संबंध लिहून दाखवायला लावावा. कावळ्याने घर शेणाचे का बांधले, हा मुद्दा या अटीवर टिकत नाही, हे मुलांना लगेच उमगते.

सुनावणी एका तासिकेत उरकावी. चिमणी आणि कावळा हे दोनच साक्षीदार असावेत. सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, उलटतपासात, म्हणजे समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला विचारताना, ते चालतात, एवढा नियम पुरेसा आहे. काळे डगले आणि सिनेमातला हातोडा यांत वेळ घालवू नये. ज्युरीही नको, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर आपल्याकडच्या फौजदारी खटल्यांत ज्युरीला जागा उरली नाही, आणि हात वर करून दिलेल्या कौलात लेखन कुठेच नसते. त्याऐवजी तीन मुलांचे न्यायपीठ नेमावे आणि प्रत्येकाला स्वतंत्र निकालपत्र लिहायला सांगावे. हरलेल्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आधी नोंदवून तो का स्वीकारला नाही हे लिहिल्याशिवाय निकाल ग्राह्य धरू नये. एका न्यायाधीशाचा निकाल इतरांहून वेगळा आला तर उत्तमच. तोही वाचून दाखवावा.

सुनावणीनंतर वकिलांनी आपला मसुदा पुन्हा लिहावा आणि उलटतपासात जो मुद्दा कोसळला तो एक तर काढून टाकावा किंवा सावरावा. गुण द्यायचेच असतील तर ते या दुसऱ्या मसुद्याला आणि निकालपत्रांना द्यावेत. खटला कोणी जिंकला याला एकही गुण ठेवू नये.