सीसीत मॅनेजरला टाकण्याआधी

नागपुरात मिहानमध्ये किंवा गायत्री नगरच्या आयटी पार्कात नुकतीच लागलेली मुलं-मुली मला दोनच गोष्टी विचारतात: कोडिंग किती यायला हवं आणि इंग्रजी किती. ते सहा-आठ महिन्यांत जमतं, घाबरू नका. मेल आणि चॅटवर माणसं कशी दुरावतात, हे मात्र कोणी शिकवत नाही. माझं एक माणूस तसं दुरावलं, म्हणून लिहिते आहे.

मी टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. जानेवारी २०२० मध्ये लागले आणि मार्चमध्ये सगळे घरी बसले. ज्या सीनियर डेव्हलपरकडून मी काम शिकले त्यांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांच्यासोबत ऑफिसात जेमतेम अडीच महिने काढले, नंतर फक्त टीम्स या ऑनलाइन मीटिंगच्या अ‍ॅपवर. तरी ते स्क्रीन शेअर करून अर्धा-अर्धा तास लॉग (सॉफ्टवेअरने स्वतः ठेवलेली नोंद) कसा वाचायचा ते दाखवायचे.

एप्रिल २०२१ मध्ये, रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाला द्यायच्या, आदल्या दिवशी मला एक बग (चूक) सापडला. तिकीट टाकलं, म्हणजे सिस्टिममध्ये त्याची नोंद केली, आणि दादांना मेसेज केला. तीन तासांनी इंग्रजीत एक ओळ आली: हे काल सांगायला हवं होतं. ना माझं नाव, ना काही. मी ती ओळ वीसेकदा वाचली आणि दरवेळी त्यातला आवाज चढत गेला. रात्री अकराला मेल लिहायला बसले. बिल्ड (तपासायची आवृत्ती) कोणत्या तारखेला मिळालं, टेस्टिंग कधी सुरू केलं, सगळे स्क्रीनशॉट आणि सीसीत, म्हणजे मेलची प्रत मिळणाऱ्यांत, मॅनेजर. एक वाक्य खोटं नव्हतं. सकाळी उत्तर आलं, 'नोटेड'.

पुढचे दहा महिने दादांनी विचारलं तेवढंच सांगितलं, तेही मॅनेजरला सीसीत ठेवून. स्क्रीन शेअर बंद. मी कितीतरी रात्री रडले. ऑफिस उघडल्यावर टीममधल्या एका ताईंकडून कळलं की त्या आठवड्यात दादा वडिलांसाठी बेड शोधत फिरत होते. ते दिवस ज्यांनी नागपुरात काढले त्यांना बेड शोधणं म्हणजे काय ते सांगायला नको. ती ओळ त्यांनी एका दवाखान्याच्या आवारात उभं राहून मोबाइलवर लिहिली होती. आदल्या दिवशी ते लॅपटॉपसमोर होते, तेव्हा कळलं असतं तर लगेच दुरुस्त केलं असतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

हा सापळा नीट समजून घ्या. आपण बोलतो तेव्हा 'अगं', 'ना', 'बरं का' हे शब्द रागाची धार काढून टाकतात. इंग्रजी मेलमध्ये ते नाहीत. तू, तुम्ही, आपण, सगळं एका 'यू'त सपाट होतं. मग रिकामी जागा वाचणारा आपल्या मनःस्थितीने भरतो. संशोधक क्रिस्टिन बायरन यांनी २००८ मध्ये नेमकं हेच मांडलं: आनंदाचा मेल कोरडा वाटतो आणि कोरडा मेल रागाचा. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात लिहिणाऱ्यांना आपला सूर समोरच्याला कळेलच अशी खात्री होती. मेलवर वाचणाऱ्यांचा अंदाज मात्र छापा-काट्याहून थोडाच बरा निघाला. उलटंही होतं. आपलं 'काय करून राहिला बे' तोंडी मायेचं असतं, तेच पुण्याच्या सहकाऱ्याला चॅटवर लिहून बघा!

आणि सीसी. मॅनेजरचं नाव टाकलं की समोरचा माणूस तुमच्याशी बोलणं थांबवतो आणि मॅनेजरसमोर स्वतःचा बचाव करू लागतो. तिथे तो 'हो, माझं चुकलं' असं कधीच म्हणू शकत नाही, मनात असलं तरी. बोललेलं विरतं, मेल सर्च केला की पुन्हा निघतो. म्हणून मन दुखलं असेल तेव्हा लिहू नका. फोन लावा, नाही उचलला तर दुपारी पुन्हा लावा. बोलणं झाल्यावर काय ठरलं ते दोन ओळींत, सीसीशिवाय पाठवा.

काही गोष्टी मात्र लेखीच हव्यात. पगार, रजा, कामाची बदललेली तारीख. आणि मुलींनो, लैंगिक छळाची तक्रार. २०१३ च्या कायद्याप्रमाणे ती कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तिथे संबंध बिघडतील म्हणून अजिबात गप्प बसू नका.

हल्ली चॅटजीपीटीकडून मेल गुळगुळीत करून घेतात. मला ते पटत नाही. रोज तुटक लिहिणारी मुलगी अचानक चार परिच्छेद नम्रतेचे पाठवते तेव्हा समोरचा सावध होतो. आणि जो सीनियर प्रत्येक प्रश्नाला फक्त लिंक पाठवतो त्याला मेंटॉर समजू नका, मग त्याचं पद काहीही असो.

ज्यांची अख्खी टीम दुसऱ्या शहरात आहे त्यांनी खचू नये. संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९२ मध्येच म्हटलं होतं की लिहूनही माणसं जवळ येतात, फक्त वेळ जास्त लागतो. माझी आजची सगळ्यात जवळची सहकारी हैदराबादला आहे. पहिलं वर्षभर आम्ही फक्त तिकिटांवर बोलत होतो.

असा मेल आधीच गेला असेल तर आजच बोला. मेल मॅनेजरसमोर गेला असेल तर चूकही मॅनेजरसमोरच कबूल करा, बाजूला घेऊन नाही. मी ते दहा महिन्यांनी केलं, स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत. दादा म्हणाले, 'अगं, जाऊ दे.' त्यानंतर आम्ही चहाला एकत्र जाऊ लागलो. स्क्रीन शेअर मात्र त्यांनी पुन्हा कधी सुरू केला नाही.