पाच गुंठ्यांतलं स्वावलंबी घर : पाणी मे महिन्याचं, वीज जुलैची

कोकणात छोट्या जागेवर कमी खर्चात राहायचं असेल तर सगळा हिशेब दोन महिन्यांवर मांडा. पाण्याचा मेवर, विजेचा जुलैवर. उरलेले दहा महिने त्यातच निभतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी झिरपून उताराने खाडीकडे निघून जातं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. उलट पावसाळ्यात झड लागली की दिवसेंदिवस ऊन नाही. म्हणून महावितरणची जोडणी तोडू नका. जुलै भागेल एवढी बॅटरी घेतली, तर तिच्यातला बराचसा पैसा वर्षभर नुसता पडून राहतो.

जागा मे महिन्यातच बघा. शेजारच्या विहिरीत दोर सोडून पाणी मोजा, सातबाऱ्यावर इतर हक्क आणि वाट कुठून आहे ते वाचा, समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याची, रेषा आधी तपासा.

पाणी

पहिला पैसा टाकीवर घाला. चौघांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरा. ऑक्टोबर ते मे हे साधारण २४० दिवस, म्हणजे ९६०० लिटर. ५० चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून, वाया जाणारं वजा करूनही, पावसाळ्यात लाखभर लिटर पाणी मिळतं. तेव्हा अडचण पावसाची नाही, साठवणीची आहे. आंघोळ-कपड्यांना विहीर किंवा नळपाणी वापरा. तेही टाकीवर टाकलंत तर टाकी परवडणार नाही.

१०,००० लिटरला फेरोसिमेंटची, म्हणजे सळी-जाळीवर सिमेंटचा गिलावा केलेली, गोल टाकी स्वस्त पडते. व्यास अडीच मीटर, उंची दोन मीटर. खाली कातळ असेल तर उत्तम. माती असेल तर कठीण थर लागेपर्यंत खणून दगडांचं सोलिंग आणि त्यावर १० सेंमी काँक्रीट. ६ मिमी सळीचा १५ सेंमी चौकड्यांचा सांगाडा, त्याला आतून-बाहेरून कोंबडीजाळी घट्ट बांधायची. गिलावा १ सिमेंटला २ वाळू, पाणी बेताचं, जाडी ४ ते ५ सेंमी. तळ आणि झाकण धरून सिमेंट वीसएक गोणी लागतं. भिंतीचा एक थर एका दिवसात पुरा करा. आज अर्धा आणि उद्या अर्धा केला की नेमका त्या सांध्यातून पाझर सुटतो.

खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्यातल्या मिठाने जाळी आतून गंजते, फुगते आणि काही वर्षांत गिलावा सुटून पडतो. टाकी नोव्हेंबर-डिसेंबरात बांधा, कारण नंतर २१ दिवस ओली गोणपाटं गुंडाळून ठेवायची तर पाणी हवं, आणि ते तेव्हा विहिरीला असतं. रिकामी टाकी उन्हात तापली की तडे जातात, तळाला फूटभर पाणी कायम राहू द्या.

पन्हळीला ६ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून वापरा. उतार दर मीटरला १ सेंमी, आधाराच्या पट्ट्या दर ६० सेंमीला. त्याहून लांब ठेवल्या की पहिल्याच वादळी सरीत पन्हळ वाकते. कौलाची कड पन्हळीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आत यायला हवी, नाहीतर जोराच्या पावसात पागोळ्या पन्हळ ओलांडून पुढे पडतात. पहिलं घाण पाणी बाजूला काढायला ३ मीटर लांबीचा ६ इंची उभा पाइप बसवा. त्यात सुमारे ५० लिटर मावतं, म्हणजे छपरावरचा पहिला मिलिमीटर. खालच्या बुचाला बारीक भोक पाडा, म्हणजे तो आपोआप रिकामा होतो. भोक पाल्याने बुजतं, दर आठवड्याला बघा.

जूनचं पाणी टाकीत घेऊ नका. छप्पर, शेवाळ, वानरांची घाण आधी धुऊन जाऊ दे. पावसाळाभर वापरत राहा आणि सप्टेंबरच्या अखेरीस टाकी काठोकाठ भरून बंद करा. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, म्हणून झाकण घट्ट आणि जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाला डासजाळी. भरल्यावर १०,००० लिटरला २५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरचं पाणी टाकीत ओता. तासभर थांबून वापरा. छप्पर ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्याचं असेल तर हे पाणी पिऊ नका.

वीज

९ वॅटचे ५ दिवे पाच तास, २८ वॅटचे २ बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे बारा तास, वर फोन आणि राउटर: दिवसाला एक युनिट. त्याला २०० वॅटची दोन पॅनल, ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) आणि १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी पुरते. बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका. फ्रिज, मिक्सर, पंप महावितरणवरच ठेवा.

पॅनल दक्षिणेकडे, १७-१८ अंश कललेली. कौलांवर नकोत, चिऱ्याच्या जोत्यात रोवलेल्या चौकटीवर, जमिनीलगत बसवा. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती; ज्या वादळात वीज जाते त्यातच पॅनल उडून गेली तर सगळंच फुकट. माडापासून पाच-सहा मीटर लांब राहा. नारळ काच फोडतो, आणि एका झावळीची सावलीही उत्पादन बरंच पाडते. खाऱ्या हवेत साधे नट-बोल्ट लवकर झिजतात, ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या. पॅनल आयईसी ६१७०१ या खारहवेच्या चाचणीत उतरलेलं आहे का ते विचारा.

मे आणि ऑक्टोबरातल्या विजांसाठी अर्थिंग नीट हवं. कोरड्या जांभ्यात ते धरत नाही. दीड-दोन मीटर खड्डा करून त्यात शेतातली माती आणि बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरा, उन्हाळ्यात त्यावर पाणी ओतत राहा.

संडास आणि गॅस

दोन खड्ड्यांचा संडास, प्रत्येक खड्डा १ मीटर व्यास. एक भरला की पाइपाच्या वाय-आकाराच्या जोडातून घाण दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायची; भरलेल्याला निदान दोन वर्षं हात लावायचा नाही. जांभ्याच्या भेगांतून घाण लांब जाते, म्हणून विहिरीपासून किमान १५ मीटर आणि उताराच्या खालच्या बाजूला. जुलैत पाण्याची पातळी वर येऊन खड्डे उलटतात. जोतं उचलून घ्या आणि खड्डे उथळ ठेवा.

१ घनमीटरच्या गोबरगॅसला रोज २५ किलो शेण लागतं आणि त्यावर एक बर्नर दोन-सव्वादोन तास चालतो. दोन-तीन गुरांचं शेण पुरेल असं सांगतात, पण इथली गुरं लहान चणीची आणि दिवसभर चरायला. गोठ्यात फक्त रात्रीचं शेण मिळतं. चार धरा, नाहीतर सिलिंडरच ठेवा. शेणाला तेवढंच पाणी घाला. गोबरगॅसच्या टाकीभोवती मातीचा बांध हवा, पागोळ्यांचं पाणी आत गेलं की शेण पातळ होऊन गॅस थांबतो. बाहेर पडणारी स्लरी माडांच्या आळ्यांत, न्हाणीचं पाणी केळी आणि अळूला.