पहिल्या ‘फायनल फँटसी’त घोडं कुठे पेंड खातं? या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, बाहेर धो धो पाऊस, आणि मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी पोरं मोबाइल नाहीतर जुना टीव्ही धरून बसलेली. या दिवसांत जुने गेम पुन्हा बाहेर निघतात. आमच्या भाचे-पुतण्यांनी यंदा पहिली ‘फायनल फँटसी’ हातात घेतली आणि “मामा, गार्लंडान सगळ्यांका मारल्यान, आता काय करू?” असे निरोप यायला लागले. (गार्लंड हा गेममधला पहिला मोठा शत्रू.) अडण्याच्या जागा बहुतेकांच्या त्याच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

हा गेम जपानच्या स्क्वेअर कंपनीने डिसेंबर १९८७ मध्ये फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनसाठी काढला. दिग्दर्शन हिरोनोबु साकागुची यांचं, संगीत नोबुओ उएमात्सु यांचं. १९९० मध्ये निन्टेन्डोने तो अमेरिकेत इंग्रजीतून आणला. मी लिहितोय ते या इंग्रजी आवृत्तीबद्दल. २०२१ मध्ये आलेल्या पिक्सेल रीमास्टर या नव्या आवृत्तीत बरंच काही सोपं केलंय; फोनवर विकत घेऊन खेळायचं असेल तर सुरुवातीला तोच घ्या, त्यात कमीपणा नाही. पण मूळ गेमची शिस्त वेगळी आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. बोटं किती चपळ आहेत याला इथे काडीचं महत्त्व नाही. गावातून निघण्याआधी काय विकत घेतलं, कोणाला पुढे उभं केलं आणि कुठून माघारी फिरायचं ठरवलं, यावर निकाल लागतो.

चौघं निवडताना

सुरुवातीलाच सहा प्रकारांतून चौघं निवडायचे: फायटर, थीफ, ब्लॅक बेल्ट, रेड मेज, व्हाइट मेज आणि ब्लॅक मेज. मेज म्हणजे जादूगार. नंतर निवड बदलता येत नाही. नव्या खेळाडूला थीफ हमखास आवडतो, कारण इतर गेममध्ये चोर शत्रूच्या खिशातलं काढतो. इथे थीफला चोरीच करता येत नाही, आणि सुरुवातीचे बरेच तास त्याचा मारही लेचापेचा असतो. पहिल्या खेपेला तो नकोच. तिघं मेज घेऊन जादूवर निभावायचा विचारही सोडा; जादूचे वापर मोजके असतात आणि ते संपले की तिघंही उघडे पडतात.

माझं मत विचाराल तर फायटर, ब्लॅक बेल्ट, व्हाइट मेज, ब्लॅक मेज. ब्लॅक बेल्टचा मोठा फायदा पैशाचा आहे. त्याला सुरुवातीला लाकडी ननचाकू पुरतो आणि साधारण दहाव्या लेव्हलच्या आसपास तो नुसत्या हातांनी जास्त जोरात मारायला लागतो. त्याच्या शस्त्राचे पैसे वाचतात आणि ते फायटरच्या तलवारीला लागतात.

पहिले चारशे

कोनेरिया गावात तुमच्या हातात ४०० जी असतात. जी म्हणजे गेममधलं सोनं. इथली सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी की मुलं तलवार विकत घेतात, बाहेर पडतात आणि मार का बसत नाही म्हणून हैराण होतात. विकत घेतलेली वस्तू आपोआप अंगावर चढत नाही. मेनूत जाऊन ती त्या माणसाला घालावी लागते. कोणती वस्तू कोणाला चालते हेसुद्धा दुकानदार सांगत नाही, त्यामुळे न चालणारी वस्तू पदरात पडून पैसे वाया जातात.

हिशोब सांगतो. फायटरला रेपियर १० आणि चेन आर्मर ८०. ब्लॅक बेल्टला ननचाकू १०. व्हाइट मेजला लोखंडी हातोडा १० आणि क्युअर हा मंत्र १००. ब्लॅक मेजला फायर १००. झाले ३१०. उरलेल्या ९० मध्ये एक हील पोशन ६० ला आणि कोनेरियाच्या सराईत एक मुक्काम ३० ला. मग गावाच्या वेशीजवळच इम्प नावाचे छोटे राक्षस मारत राहा, दमलात की सराईत परत या. घाई करून उत्तरेच्या टेंपल ऑफ फीन्ड्सकडे निघू नका. तिथे गार्लंड असतो आणि त्याच्याकडे १०६ एचपी, म्हणजे जीव, आहेत. तिसऱ्या लेव्हलपर्यंत थांबून, तब्येत भरून आणि दोन-चार पोशन घेऊन गेलात तर तो पडतो. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, तो पहिल्याच लेव्हलला गेला होता.

मेलेल्याला मारू नका

सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट हीच, त्यामुळे हिच्यावर जरा थांबतो.

मूळ गेममध्ये चौघांचे हुकूम आधी घेतले जातात आणि मग फेरी सुरू होते. चौघांनाही एकाच इम्पवर सोडलंत आणि पहिल्याच घावात तो मेला, तर उरलेले तिघं त्या रिकाम्या जागेवर वार करतात आणि पडद्यावर ‘इनइफेक्टिव्ह’ असं येतं. पुढच्या गेमांत असा वार आपोआप दुसऱ्या शत्रूकडे वळतो, इथे नाही. म्हणजे तुमची तीन-चतुर्थांश फेरी फुकट गेली, आणि समोरचे बाकीचे इम्प मात्र तुम्हाला मारणारच. नवखा माणूस हरतो तो बहुतेक वेळा या वाया गेलेल्या घावांमुळे.

उपाय एकच, शत्रूची ताकद ओळखून माणसं वाटणं. इम्पला ८ एचपी असतात, फायटर त्याला एकटा उरकतो, तेव्हा प्रत्येकाला वेगळा इम्प द्या. लांडग्याला २० असतात, त्याच्यावर सुरुवातीला दोघं लावा. गार्लंडसारखा एकटा मोठा असेल तर सगळे त्याच्यावर. कोण किती मारतो याचे आकडे पडद्यावर दिसतात. पहिल्या तासाभरात ते वहीत टिपून ठेवा. ही सवय लागली की खेळ बदलतो. त्याच लेव्हलच्या, त्याच शस्त्रांच्या चौघांनी तुम्ही दुप्पट लढाया काढू शकता. मला या गेमचं खरं सुख इथेच वाटतं, प्रत्येक फेरीआधी अंदाज बांधायचा आणि तो बरोबर निघायचा.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट. फेरीत कोण आधी आणि कोण नंतर, हे मूळ गेममध्ये नशिबावर ठरतं. फायटरला १२ एचपी उरल्यावर व्हाइट मेजला क्युअर सांगितलंत, तरी तो शत्रूच्या आधी हलेल याची खात्री नसते. औषध एक फेरी आधी द्यायचं. निम्म्यावर आला की द्या.

रांगेचा क्रम

शत्रूचा साधा घाव चौघांवर सारखा वाटला जात नाही. पहिल्या जागेवर निम्मे, दुसऱ्यावर पाव, आणि तिसऱ्या-चौथ्यावर प्रत्येकी आठवा हिस्सा. म्हणून फायटर पहिला, ब्लॅक बेल्ट दुसरा आणि ब्लॅक मेज अगदी शेवटी. चिलखतावरचा खर्चही याच क्रमाने करा. लढाईत कोणी मेलं तर नंतर रांग एकदा तपासा, क्रम बदललेला असू शकतो.

कोणते मंत्र घेऊ नयेत

मूळ कार्ट्रिजमध्ये प्रोग्रामिंगच्या काही चुका तशाच राहून गेल्या आहेत. त्या माहीत नसतील तर पैसे पाण्यात जातात. टेम्पर आणि सेबर हे ताकद वाढवणारे मंत्र काहीच करत नाहीत. लॉक शत्रूला लागतच नाही, आणि लॉक-२ ने तर शत्रूला आपला घाव चुकवणं उलट सोपं होतं. इंटेलिजन्स कितीही वाढली तरी जादूचा मार वाढत नाही. काही तलवारी ठरावीक जातीच्या राक्षसांवर जास्त चालतात असं नावावरून वाटतं; तो गुणही चालत नाही, त्यांचा फक्त आकडा बघा.

यातले टेम्पर ४०० चा आणि लॉक-२ १५०० चा, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत मोठी रक्कम. त्याऐवजी पुढच्या प्रावोका गावात इन्व्हिस आणि स्लो, आणि त्यानंतरच्या एल्फलँड गावात फायर-२ व फास्ट घ्या. फास्ट ४००० ला मिळतो आणि माणसाचे घाव दुप्पट करतो. फायटरच्या हातात एल्फलँडचीच ४००० ची सिल्व्हर स्वोर्ड आणि अंगावर फास्ट, इतक्याने मोठमोठे राक्षस झपाट्याने खाली येतात. एवढे पैसे जमवायला एल्फलँडच्या आसपास ओगर मारा. एका ओगरमागे १९५ जी आणि १९५ अनुभव मिळतो, अनुभव जिवंत असलेल्यांत वाटला जातो. त्याला १०० एचपी असतात, तेव्हा इथे मात्र माणसं एकवटा.

प्रावोकाच्या ईशान्येला जमिनीचं एक टोक आहे, तिथे खूप पुढच्या भागातले राक्षस भेटतात आणि अनुभव भराभर मिळतो. जाणकार खेळाडू तिथे जातात. पहिल्या खेपेला मी जायला सांगणार नाही, कारण लेव्हल फुगते आणि माणसं वाटण्याची शिस्त अंगवळणी पडायच्या आधीच गरज संपते.

मार्श केव्हमधून परत येणं

प्रावोकात बिके नावाच्या सरदाराचे ९ चाचे सोपे जातात, जहाज मिळतं आणि माणूस खुशीत येतो. त्यानंतर लगेच ही दलदलीची गुहा. गेम सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण इथे सोडतात, आणि त्यांचा राग मला समजतो.

गुहेत सेव्ह नाही. बाहेर नेणारा मंत्र अजून मिळालेला नसतो. कोळी विष देतात, क्रॉल नावाचा राक्षस जखडून ठेवतो, आणि स्कम नावाच्या चिकट गोळ्याचं संरक्षण २५५ असतं, त्यामुळे तलवार त्याच्यावर जवळजवळ चालत नाही. त्याला फायर लागते. इथून एक मुकुट आणायचा असतो; तळाशी त्याच्या पेटीपाशी विझार्ड नावाचे राक्षस घोळक्याने वाट बघत असतात. ते मेले, मुकुट मिळाला, आणि आता सगळे मजले उलट चढायचे आहेत याची आठवण तेव्हा होते.

खोल समुद्रात जाणारा तांडेल परतीचं डिझेल आधी बाजूला काढतो, मग जाळं कुठे टाकायचं ते ठरवतो. इथे तसंच करायचं. हील पोशन ९९ पर्यंत नेता येतात. मूळ गेममध्ये ते एकेक करून घ्यावे लागतात, कंटाळा येतो, तरी किमान पन्नास घ्या. विषासाठी प्युअर पोशन ७५ ला मिळतं, ते दहाएक तरी हवेत. पोशन निम्मे झाले की मुकुट मिळालेला असो वा नसो, मागे फिरा. जाताना मिळालेला अनुभव आणि पेट्यांतलं सोनं तुमचंच राहतं, दुसऱ्या फेरीत तीच गुहा सोपी लागते. पहिल्याच फेरीत मुकुट आणायचा हट्ट हीच इथली चूक आहे. आणखी एक, प्रत्येकाला चारच शस्त्रं आणि चारच चिलखतं बाळगता येतात. जागा भरलेली असेल तर पेटीतली वस्तू घेता येत नाही, तेव्हा जुनी आधी विकून टाका.

मुकुट घेऊन ॲस्टॉस या पुढच्या मोठ्या शत्रूकडे जाल. त्याच्याकडे रब नावाचा मंत्र आहे, तो लागला की माणूस जागीच मरतो, एचपी कितीही असोत. ॲस्टॉस बहुतेक पहिल्याच फेरीत हा मंत्र टाकतो. मूळ गेममध्ये मेलेल्याला उठवणारी वस्तू नाही. गावातलं क्लिनिक, नाहीतर मेलमोंडला ८००० ला मिळणारा लाइफ मंत्र. म्हणून त्याच्या वाड्यात शिरण्याआधी बाहेरच्या नकाशावर तंबू ठोकून सेव्ह करा आणि फायटरवर फास्ट टाकून लवकर संपवा. त्याचे एचपी १६८ आहेत. फायटरच मेला तर पुन्हा सुरुवात करणं बरं.

सेव्ह, लाईट आणि खारी हवा

सेव्हसाठी एकच जागा असते आणि सेव्ह होतो तो फक्त सराईत किंवा बाहेर तंबू, केबिन, हाउस वापरून. तंबू ७५ ला येतो. चार-पाच कायम जवळ ठेवा. पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे मोठ्या लढाईनंतर “अजून एक गुहा” म्हणत पुढे जाऊ नका. ३००० चं हाउस वापरत असाल तर लक्षात ठेवा, ते आधी सेव्ह करतं आणि जादू नंतर भरतं. तो सेव्ह पुन्हा उघडलात तर जादू रिकामीच मिळेल.

फोनवर रेट्रोआर्च या जुने गेम चालवणाऱ्या ॲपमध्ये खेळणाऱ्यांची वेगळीच फसगत होते. सराईत सेव्ह केलं, मग फोनची बॅटरी मेली, आणि सेव्ह गायब. कारण ऑटोसेव्ह बंद असेल तर रेट्रोआर्च हा सेव्ह गेम नीट बंद केल्यावरच फाइलमध्ये लिहितं. सेटिंग्जमध्ये सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल चालू करा, काही सेकंदांचा वेळ द्या, प्रश्न मिटतो.

टीव्हीवर खेळायचं असेल तर कार्ट्रिज बघून घ्या. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक टीव्ही गेमच्या डब्यांना फॅमिकॉमची ६० पिनांची कार्ट्रिज लागते; अमेरिकन कार्ट्रिज ७२ पिनांची असते, ती अडॅप्टरशिवाय बसत नाही. एकात शेकडो गेम असलेल्या स्वस्त कार्ट्रिजमध्ये सहसा सेव्हची बॅटरी नसते, तिथे हा गेम खेळण्यात अर्थ नाही. मूळ अमेरिकन मशीनवर बंद करताना रीसेट दाबून धरून मगच पॉवर बंद करायची, नाहीतर सेव्ह बिघडू शकतो.

किनाऱ्यावर पिनांना गंज लवकर धरतो. तोंडाने फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा पिनांवर बसतो. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. सेव्ह टिकत नसेल तर आतली बॅटरी संपलेली असते. ती झाळून बसवलेली असते, टीव्ही नाहीतर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून बदलून घ्या. जुना सेव्ह तेव्हा पुसला जातो, त्यामुळे नवी बॅटरी खेळ सुरू करण्याआधीच टाकून घेतलेली बरी.