ध्रुवीय केंद्रांवरच्या हवामान उपकरणांचं कॅलिब्रेशन : या चुका टाळा

पश्चिम अंटार्क्टिकातल्या बर्ड केंद्राचं सरासरी तापमान 1958 ते 2010 या काळात सुमारे 2.4 अंश सेल्सिअसने वाढलं. म्हणजे दशकाला अर्धा अंशसुद्धा नाही. हा आकडा मांडण्याआधी तिथल्या स्वयंचलित केंद्राचं उपकरण 2011 मध्ये काढून अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात तपासलं गेलं आणि जुन्या नोंदी त्यानुसार दुरुस्त झाल्या. उपकरण अर्ध्या अंशाने चुकलं, तर दहा वर्षांची तापमानवाढ त्यात गडप होते, किंवा नसलेली वाढ दिसू लागते. म्हणून अंटार्क्टिकातली भारताची केंद्रं मैत्री आणि भारती असोत वा आर्क्टिकमधल्या स्वालबार्डचं हिमाद्री, तिथे कॅलिब्रेशनला, म्हणजे मानकाशी ताडून उपकरण तपासण्याला, ‘चालतंय ना, मग राहू दे’ हा न्याय लावून चालत नाही.

प्रमाणपत्र आहे, पण कोणत्या तापमानाचं?

0 ते 40 अंशांत तपासलेला सेन्सर उणे 40 ला बरोबर दाखवेलच असं नाही. केंद्रावर जी थंडी पडते तिच्यापर्यंतचे तपासणी-बिंदू प्रमाणपत्रात हवेत. तापमान मोजणाऱ्या पीटी-100 प्लॅटिनम सेन्सरचा रोध (विजेला होणारा अडथळा) 0 अंशाला 100 ओहम असतो आणि अंशामागे साधारण 0.4 ओहमने बदलतो. दोन तारांची जोडणी असेल तर लांब केबलचा रोधही त्यातच मोजला जातो. खोलीत मोजून तो वजा केला, तरी बाहेर तांबं थंड झालं की तो बदलतो. चार तारांची जोडणी हाच खरा उपाय.

चूक सेन्सरची की लॉगरची (वाचनं नोंदवणाऱ्या यंत्राची), हे शोधायची सोपी युक्ती आहे. सेन्सर सोडवून केबलच्या टोकाला अचूक 100 ओहमचा रोधक लावा. लॉगरने 0 दाखवलं पाहिजे. 84.27 ओहमचा लावला तर उणे 40. ही तपासणी लॉगर त्याच्या नेहमीच्या थंड पेटीत असतानाच करा. आत आणून ऊब दिलेला लॉगर वेगळं वागू शकतो.

उन्हाची चूक कॅलिब्रेशनच्या माथी मारू नका

उन्हाळ्यात वारा पडला की तापमान अचानक चढतं आणि वारा सुटला की उतरतं? मग सेन्सरआधी त्याचं आवरण तपासा. ताज्या बर्फावरून बहुतेक ऊन परत वर येतं आणि वाऱ्यावर अवलंबून असलेलं साधं आवरण खालून तापतं. अंटार्क्टिकाच्या पठारावर डोम सी इथे अशी चूक 10 अंशांवरही गेलेली आढळली आहे. प्रयोगशाळेतलं कितीही उत्तम कॅलिब्रेशन ती भरून काढू शकत नाही. पंख्याने हवा ओढणारं आवरणच लागतं. पंख्याचा वेग नोंदीत ठेवा, नाहीतर तो कधी थांबला हे कळणारच नाही.

आर्द्रता 68 टक्के, तरी हवा संपृक्त

नेहमीचे सेन्सर सापेक्ष आर्द्रता पाण्याच्या संदर्भात देतात. उणे 40 अंशांना बर्फाच्या संदर्भात हवा पूर्ण संपृक्त असते, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावत नाही, तेव्हा हे आकडे 68 टक्क्यांच्या आसपास येतात. ‘सेन्सर कमी दाखवतोय’ म्हणून स्क्रू फिरवून 100 करणं ही घोडचूक आहे.

ध्वनी बर्फावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळावरून बर्फाची उंची मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचंही असंच. ध्वनीचा वेग 0 अंशाला सेकंदाला 331 मीटर, उणे 40 ला सुमारे 306. तापमानाची दुरुस्ती राहिली, तर दोन मीटर अंतरात 16 सेंटिमीटरची चूक होते आणि तेवढा बर्फ नाहीसा झाल्यासारखा दिसतो. बर्फ खरोखरच साचला, तर तापमापक जमिनीच्या जवळ येतो. शांत हिवाळी रात्री पृष्ठभागालगत काही मीटरांतच तापमान कित्येक अंशांनी बदलतं, म्हणून सेन्सरची उंची प्रत्येक भेटीत मोजा.

वाऱ्याचा वेग तासन्‌तास नेमका शून्य आणि दिशाही हलत नाही? बहुधा यंत्र हिमकणांनी जाम झालंय. ते ‘शांत हवा’ म्हणून सरासरीत घेऊ नका.

आधी नोंद, मग हात लावा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. केंद्रावर पोचताच दंव झटकायचं, सेन्सर सरळ करायचा, मग तपासायचं, ही सवय मोडा. आहे त्या स्थितीत फोटो काढा, शेजारी फिरतं मानक उपकरण (तुलनेसाठी सोबत नेलेलं, आधी तपासलेलं) ठेवून दोन्हींची वाचनं घ्या, आणि मगच साफसफाई करा. नाहीतर मागच्या वर्षभराची चूक किती होती, हे कायमचं पुसलं जातं.

सेन्सर बदलायचा असेल तर जुना आणि नवा काही काळ शेजारी-शेजारी चालवा आणि जुना फेकून न देता परतीच्या जहाजातून तपासणीला पाठवा. कोणता अनुक्रमांक कोणत्या तारखेला कुठे लागला, हे एका वहीत लिहून ठेवा. 2009 मध्ये अंटार्क्टिकातल्या हॅरी नावाच्या केंद्राच्या नोंदींत गिल या दुसऱ्याच केंद्राची आकडेवारी मिसळलेली सापडली होती आणि संशोधकांना ती मालिका नव्याने दुरुस्त करावी लागली. आपल्या केंद्रांवर हिवाळी चमू दर वर्षी बदलतो. येणाऱ्याला चावी देताना ही वहीही द्या, आणि तिच्यातली शेवटची तुलना दोघांनी मिळून उपकरणासमोर उभं राहून करा.