एडीएचडीची गोळी पाळीच्या आधी चालत नाही वाटतंय? मग हे लिहून ठेवा

मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीवरची (लक्ष एका जागी टिकत नाही तो त्रास) गोळी, घेणाऱ्या बऱ्याच जणी सांगतात की एरवी गोळी मस्त चालते आणि पाळीच्या आधीचा आठवडा आला की घेतलीच नाही असं वाटतं. घरचे म्हणतात मनाचे खेळ. पण तसं नाहीये, ही गोळी मेंदूतलं डोपामिन (लक्ष टिकवायला मदत करणारं रसायन) वाढवून काम करते आणि इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन पण डोपामिनला हातभार लावतं, आणि पाळीच्या आधी तेच खाली येतं. मादी उंदरांची अंडाशयं काढली की ॲम्फेटामिनचा (डोपामिन वाढवणारं याच जातीचं औषध) परिणाम कमी होतो, इस्ट्राडिओल म्हणजे इस्ट्रोजेनच दिलं की परत वाढतो. बायकांवरच्या प्रयोगातही पाळीनंतरच्या पंधरवड्यात ॲम्फेटामिनचा असर जास्त जाणवलाय, नंतर कमी.

आता करायचं काय, तर वही घ्या नाहीतर मोबाईलमधल्या नोट्स. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. रोज एकच ओळ: गोळी किती वाजता घेतली, कधी लागू पडली, कधी उतरली, झोप किती, चहा-कॉफी किती कप, फोकस दहापैकी किती. दोन-तीन पाळ्या तरी लिहा, एका महिन्यावरून काही कळत नाही, त्या महिन्यात परीक्षा असेल, लग्न असेल, काहीही असू शकतं.

मोजताना मात्र मागे मोजा. पाळी आली की त्या तारखेपासून चौदा दिवस मागे जायचं, साधारण तिथे अंडं सुटलेलं असतं, कारण पुढेमागे होतो तो बहुतेक पहिला भाग, दुसरा त्यामानाने ठरलेला असतो. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) असेल तर हा हिशोब धरू नका, नुसत्या तारखा लिहा. तांबीने (कॉपर-टी) हार्मोन बदलत नाहीत त्यामुळे मोजणी तीच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर चक्र त्या गोळ्यांचं, तुमचं नाही, म्हणून पाकिटातला कितवा दिवस ते लिहा.

आणि हो, कपांची संख्या उगाच लिहायला सांगत नाहीये! गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कॅफिन शरीरातून निघायला जवळपास दुप्पट वेळ लागतो, संध्याकाळचा चहा रात्रीपर्यंत रेंगाळतो आणि धडधडीचं खापर एडीएचडीच्या गोळीवर फुटतं.

पॅटर्न दिसला तरी स्वतःच्या मनाने जास्तीची गोळी घ्यायची नाही, बीपी आणि नाडी वाढते, झोप जाते, शिवाय गोळ्या चिठ्ठीवर मोजून मिळतात म्हणजे महिनाअखेरीला खडखडाट. सायकिॲट्रिस्टला सरळ विचारा की पाळीआधी डोस बदलता येईल का. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांनी नऊ बायकांचा पाळीआधीचा डोस वाढवून बघितला आणि त्यांना फरक पडला, 2023 मध्ये ते छापून आलं. नऊच जणी आणि तुलनेला दुसरा गट नाही, म्हणजे पुरावा कच्चा आहे, पण विषय काढायला पुरेसा आहे. जाताना अख्खी वही नेऊ नका, वाईट दिवसांना रंग मारलेलं एक पान आणि त्या दिवसांचं बीपी न्या.