कादंबरीतली श्रीमंती-गरिबी: या चुका टाळा

सातारा-सांगलीकडच्या कादंबऱ्यांची नवी हस्तलिखितं उघडली की श्रीमंत माणूस पहिल्याच पानावर ओळखू येतो: दगडी वाडा, दारात बुलेट, गळ्यात बोटाएवढी चेन. गरिबाच्या वाट्याला कूड आणि फाटकं धोतर. ही नुसती यादी झाली. कोण कोणाच्या दारात जातो आणि किती वेळ ताटकळतो, ते त्यातून कळत नाही.

सगळ्यांत छळणारी चूक एकरांची. एका हस्तलिखितात वाळवा तालुक्यातल्या पाटलांच्या एकट्याच्या सात-बाऱ्यावर दीडशे एकर ऊस होता, काळ 1985चा. कमाल जमीनधारणेचा कायदा 1961चा. 1975च्या सुधारणेनंतर पाच माणसांच्या कुटुंबाला बारमाही बागायत 18 एकर, कोरडवाहू 54. हे दाखवल्यावर लेखकाने दीडशेचे साठ केले आणि ‘आता ठीक?’ म्हणून परत पाठवलं. साठही बसत नाहीत! अशा घराची जमीन भावांच्या, पुतण्यांच्या, कधी जुन्या गड्याच्या नावावर असायची. कागदावर बागायतदार असलेला तो गडी मालकाच्या पडवीत मात्र उकिडवा बसतो, त्याचा कप वेगळ्या कोनाड्यात. एक दिवस त्याचा पोरगा तलाठ्याकडून उतारा काढून आणतो. कादंबरी तिथे पडली होती आणि लेखक आकडा खोडत बसला.

दुसरी चूक उसाच्या पैशाची. ऊस गेला की पुढच्याच परिच्छेदात बायकोच्या हातात पाटल्या. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, ऊस रानात 16 ते 18 महिने. तोवर खत सोसायटीच्या कर्जावर, किराणा दुकानदाराच्या वहीवर. अलीकडचा काळ असेल तर 20 गुंठ्यांत 20 टन आणि टनाला तीन हजार धरा: 60 हजार, त्यातून सोसायटीची वसुली आधी. (आजचा दर 1985मध्ये घालणारेही आहेत.) शिवाय तोड मिळायला हवी, म्हणजे ऊस तोडायला मजुरांची टोळी. साखर कारखान्याच्या संचालकाच्या फडात टोळी वेळेवर शिरते. 20 गुंठेवाला चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे हेलपाटे घालतो, तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं. टोळी आलीच तर खुशाली (वरचे पैसे) मागते, ती वेगळी. दोघांच्या बांधावरचा एकच आठवडा लिहा, वाड्याचं वर्णन अर्ध्यावर येईल.

माझी सवय अशी: पात्राचं नाव ठरवायच्या आधी त्याचे बारा महिने कागदावर मांडायचे. पैसा कधी येतो, देणं कोणाचं, चप्पल कोणाच्या उंबऱ्याबाहेर निघते. तासभराचं काम आहे. ज्यांना तेवढाही धीर नाही, ते जुन्या वाड्यांचे फोटो बघून तुळशीवृंदावन रंगवतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. श्रीमंत प्रमाण मराठी बोलतो आणि गरीब गावरान, असं नसतं. कारखान्याचा चेअरमन ‘काय लेका’च म्हणतो, शुद्ध बोलायची धडपड त्याच्या कारकुनाची असते. ऊसतोड टोळी गावातलीच दाखवू नका. ती बहुतेक बीडकडून येते, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, डोक्यावर घेऊन. आणि तासगावच्या द्राक्षबागायतदाराला दिवाळीत नवी गाडी घ्यायला लावू नका. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरची, माल निघतो साधारण जानेवारी ते मार्च. दिवाळीत तो औषधाच्या दुकानात उधारी वाढवत असतो.