सहस्रचंद्रदर्शन: आजोबांना पाट नको, खुर्ची द्या
इंदूरच्या मराठी घरांत आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन हौसेनं होतं, पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाला तासभर पाटावर बसवू नका. साधारण 45 सेंमी उंचीची, हातांची लाकडी खुर्ची घ्या. पावलं जमिनीला सपाट टेकली पाहिजेत. हलकी प्लास्टिकची उठताना सरकते. खरा धोका उठतानाच असतो: बराच वेळ बसल्यावर उभं राहताच रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी दहा-बारा वेळा पावलं वरखाली हलवायला सांगा, मग हळूच उठवा आणि मिनिटभर धरून थांबा. दिव्यांचं तबक जड नि गरम. ओवाळताना दोघींनी धरावं, आजोबांच्या उपरण्याची टोकं मागे खोचावीत. मधुमेहाची गोळी असेल तर मुहूर्तासाठी जेवण लांबवू नका. नमस्कारांच्या रांगेत मध्येच पाणी द्या.